साहेबांचं मत, ताईची हळद

आधी माफी मागतो. लेख लिहिण्याइतकं माझ्यापाशी काही आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात याआधी लिहिला गेलेला सगळ्यांत लांब मजकूर म्हणजे ताईची लग्नपत्रिका, आणि तीही छापखानेवाल्यानं त्याच्याकडच्या नमुन्यावरून उतरवलेली. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच. वर्गात बाई ललित लेख शिकवतात तेव्हा त्यात पारिजातक असतो, ओसरी असते, नदीकाठ असतो. आमच्या बाजूची नदी वालधुनी, आणि तिच्या पुलावरून जाताना लोक रुमाल नाकाला लावतात. माझ्याकडे सांगण्यासारखी आहे ती राज्यसभेची एक निवडणूक. तिच्यावर असं कुणी लिहीत नसावं. पण ती पुन्हा आली आहे, आणि ती आली की मला दुसरं काही सुचत नाही.

राज्यसभा कधी बरखास्त होत नाही. ते स्थायी सभागृह आहे, दर दोन वर्षांनी त्यातले एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. हे वाक्य मी बारावीत पाठ केलं होतं आणि पेपरात जसंच्या तसं उतरवलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच वाटला होता, की दोन मार्क. आता वाटतं, हा एक ऋतूच आहे. पावसाळ्यासारखा नव्हे, त्याची वाट तरी पाहता येते. अंगात दडून राहिलेल्या हिवतापासारखा. बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा अंग मोडून येतं.

परवा शिवमंदिराच्या रस्त्यावर चहा प्यायला थांबलो. टपरीत वर कोपऱ्यात टीव्ही. त्यावर पडदे ओढलेली एक बस एका मोठ्या हॉटेलच्या फाटकातून आत शिरत होती आणि बातमीदार मुलगी धापा टाकत तिच्यामागे पळत होती. बाकावरचा एक जण म्हणाला, च्यायला, आपल्याला कोण असं उचलून नेत नाय. दुसऱ्यानं बशीतला चहा फुंकत त्याला सुनावलं, की तुझं मत तुझी बायको विचारत नाही, बाकीचे कशाला विचारतील. सगळे हसले. मीही हसलो असेन. पण माझे डोळे बसच्या दारावर होते. पुढारी उतरतात त्यांच्यामागून बॅगा घेऊन काही माणसं उतरतात. त्यांची नावं टीव्हीवर येत नाहीत. त्या माणसांत मी अजूनही बाबांना शोधतो.

बाबा तेव्हा एका आमदारांची गाडी चालवायचे. ते आमदार आमच्या भागातले नव्हते, लांबच्या जिल्ह्यातले. मुंबईचे रस्ते ठाऊक असलेला माणूस त्यांना हवा होता. पालेगावातली आमची भातशेती गेली, तिथं टॉवर उठले, आणि नांगर धरणाऱ्या घरातल्या माणसानं स्टेअरिंग धरलं. घरात आम्ही त्या आमदारांना नुसतं ‘साहेब’ म्हणायचो, जणू जगात तेवढे एकच साहेब होते. साहेबांना साखरेचा आजार होता. दोन्ही वेळेला पोटात इंजेक्शन. ते स्वतःला टोचून घ्यायला घाबरायचे, आणि टोचणाऱ्या माणसाचा हात बदललेला त्यांना चालायचा नाही. हळूहळू ते काम बाबांकडे आलं. साहेब वाईट नव्हते. दिवाळीला आठवणीनं आईला साडी पाठवायचे. पण एखाद्या माणसाचं आपल्यावाचून अडतं ही गोष्ट बाबांना इतकी मोठी वाटायची, की आमचंही त्यांच्यावाचून अडत असेल हे त्यांच्या पटकन लक्षात यायचं नाही.

ताई उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात होती, शिवून आलेल्या पँटींचे धागे कापायला. निळा रंग तिच्या बोटांच्या पेरांत मुरलेला. लग्न ठरल्यावर सेठनं तिला विचारलं, ‘अब तो हल्दी लगेगी, ये नीला निकलेगा क्या?’ ती घरी येऊन हे हसत सांगत होती आणि बाबा तिच्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, हळद मीच लावतो पहिली, बघू कसा निघत नाय ते. आमच्यात हळदीला बाप पुढं असतो असं नाही, तो बायकांचा कार्यक्रम. पण बाबा बोलले म्हणून ते ठरलं. तारीख त्यांनी साहेबांना विचारूनच धरली होती. साहेब म्हणाले होते, बिनधास्त धर, राज्यसभा यंदा बिनविरोध आहे.

बिनविरोध म्हणजे जागा जेवढ्या, उमेदवारही तेवढेच. मग मतदान होत नाही, फाटकं बंद होत नाहीत, बसला पडदे लागत नाहीत. पण माघार घेण्याच्या शेवटच्या दिवशी एका जास्तीच्या उमेदवारानं माघार घेतली नाही. कोण तो, कुठला, आम्ही त्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं. त्यानं अर्ज मागं घेतला नाही एवढ्यावरून मतदान लागलं, आणि ते नेमकं ताईच्या लग्नाच्या दिवशी. मी पुढं राज्यशास्त्र घेतलं. घटना, कायदे, सभागृहं, सगळं वाचलं. पण शासन माणसाच्या घरात कसं येतं, हे मला त्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात कळलं होतं. मांडवाची मेढ अजून पुरायची होती आणि बाबा फोन कानाला लावून खड्ड्याच्या कडेला उभे होते.

साहेबांना त्यांच्या पक्षानं हॉटेलात हलवलं. बरोबर बाबा, कारण इंजेक्शनची पेटी. आत गेल्यावर सगळ्यांचे फोन काढून घेणार होते, आमदारांचे आणि त्यांच्या माणसांचेही. त्याआधी बाबांनी आईला फोन केला. हळदीला नाही जमायचं, पण लग्नाला शंभर टक्के येतो. मतदान दुपारी संपतं आणि आपलं लगीन गोरज मुहूर्तावर. साहेबांनी शब्द दिलाय, मत टाकलं की मोकळा. आई फक्त हो हो म्हणत होती. फोन ठेवल्यावर तिनं तो पदराला पुसला आणि फडताळात ठेवला, जसं काही आता त्याचं काम नव्हतं.

मत साहेबांचं होतं. बाबांना तिथं मत नव्हतं. तरी कोंडले दोघंही गेले. हे मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

हळदीचा दिवस मला वासांतून आठवतो. उकाड्यात आंबलेल्या पिठाचा वास, ओल्या आंब्याच्या डहाळ्यांचा, भट्टीवरच्या मटणाचा, आणि मधूनच वारा फिरला की एमआयडीसीकडून येणारा तो उग्र वास, जो पाहुण्यांना येतो आणि आम्हाला येत नाही. मांडवावर शेजारच्या टॉवरची सावली पडत होती. लग्नाचे धवले गाणारी म्हातारी जोत्यावर बसून एका सुरात गात होती आणि तिच्या आवाजावर बेंजोवाले आपल्या पेट्या तपासत होते. ताई पाटावर पिवळ्या साडीत. पहिली हळद कुणी लावायची यावर क्षणभर सगळे थांबले. मग आत्यानं पुढं होऊन लावली. ताईनं तेवढ्यात फाटकाकडे पाहिलं. फार नाही, डास हाकलायला मान वळवावी इतकंच.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला कुठल्याही जागी गप्प बसवत नाही. ती मला म्हणाली, मतदान हाय म्हणतोस, तर आपल्या शाळेत कसली गडबड नाय दिसत. मी समजावलं, की आपण आमदार निवडायचे आणि आमदारांनी राज्यसभेचे खासदार निवडायचे. तिनं हळदीचा हात तसाच धरून विचार केला.

‘म्हणजे आपण पोर द्यायची, नि त्यांनी ती परत पुढं तिसऱ्याच्या घरात द्यायची?’

बायका हसून लोटपोट झाल्या. पांडुकाका, बाबांचा धाकटा भाऊ, भट्टीजवळून ओरडला, की याला कॉलेजात हेच शिकवतात काय. मला चेव आला. मी सांगितलं, की तिथं शिक्का मारत नाहीत. उमेदवारांपुढं आकडे लिहायचे असतात. सगळ्यांत आवडता त्याच्यापुढं एक, त्याच्यानंतरचा त्याच्यापुढं दोन. आणि आपण काय लिहिलं ते आपल्या पक्षाच्या माणसाला दाखवावं लागतं. आत्या म्हणाली, मग चोरून कसलं मत, हे तर जावेला भाजी दाखवून शिजवण्यासारखं झालं. ताई हे सगळं ऐकत होती. तिच्या गालावरची हळद सुकत चालली होती आणि हसताना तिला भेगा पडत होत्या.

त्या दिवसांत आमच्या घरात बातम्या लागायच्या त्या बाबांसाठी. आई टीव्हीच्या इतकी जवळ बसायची की मागच्यांना दिसायचं नाही. कोण कुणाला फोडतंय, कुणाची किती मतं कमी पडतायत, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. एकदा बसमधून आमदार उतरताना ती एकदम म्हणाली, ते बघ. कुणाला काही दिसलं नाही. मी तोच तुकडा मोबाइलवर शोधून पुन्हा पुन्हा पाहिला. साहेबांच्या मागं एक खांदा होता. राखाडी शर्ट, आणि खांद्यावरून लोंबणारी निळी पेटी. चेहरा चौकटीबाहेर. एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या मोठ्या बातमीत आमच्या वाट्याला तेवढा एक खांदा आला होता. दुसऱ्या एका वाहिनीवर हॉटेलातल्या जेवणाची यादी सांगत होते. मासे किती प्रकारचे, गोड काय काय. काका म्हणाला, दादाची मजा हाय, येताना पोट सुटलेलं असंल.

आता हे लिहिताना बाबा बाहेरच्या खोलीत आहेत. त्यांनी ती नोकरी पुढं सोडली. आता बदलापूरला शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात, मुलं त्यांना व्हॅनकाका म्हणतात. काल टीव्हीवर पुन्हा तशीच बस दिसली. वाटलं, काहीतरी बोलतील. बराच वेळ बघून म्हणाले, त्या बसमध्ये मागच्या सीटला एसी लागत नाय. मग चष्मा काढून पुसला आणि मुलांच्या सुट्ट्या कधी लागतात ते मला विचारलं. ताई येते तेव्हा त्यांच्या पाया पडते. ते तिच्या मुलीला खांद्यावर घेऊन टॉवरच्या लिफ्ट दाखवायला नेतात. सगळं नीट आहे. फक्त लग्नाचा अल्बम आमच्याकडे कुणी काढत नाही. पाहुण्यांनी मागितला तर आई म्हणते, वर माळ्यावर आहे, धूळ असेल.

लग्नाच्या दिवशी दुपारी मतदान संपलं. मी मोबाइलवर बघून आईला सांगितलं, झालं, सुटले. तिनं लगेच बाबांचे कपडे काढून ठेवले. ताईनं स्वतः कॅम्पातून निवडून आणलेलं शर्टाचं कापड, इथंच शिवलेलं. ते मांडवाच्या खांबावरच्या खुंटीला अडकवलं. काकानं एका पोराला मोटारसायकल देऊन नाक्यावर उभं केलं, म्हणजे बाबा दिसले की पुढं येऊन सांगायला. नवरदेवाची वरात बदलापूरहून निघाल्याचा फोन आला. सगळं जुळत होतं.

मग बातमी आली, की मतमोजणी थांबली आहे. एका बाजूनं दुसऱ्या बाजूच्या काही मतांवर हरकत घेतली होती. मत चुकीच्या माणसाला दिसेल असं धरलं, अशी तक्रार. मग दुसऱ्या बाजूनंही तशीच तक्रार केली. आता दिल्लीहून काय ते कळेपर्यंत पेटी उघडायची नाही. फेरमतदान होईल अशीही कुणीतरी आवई उठवली. आमदारांना घेऊन बसगाड्या निघाल्या होत्या, त्या पुन्हा हॉटेलकडे वळल्या. हे मी मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर पाहिलं. बस वळते, फाटक उघडतं, फाटक लागतं. मांडवात बेंजो वाजत होता म्हणून मला बातमीदाराचा आवाज ऐकू येत नव्हता. ऐकायची गरजही नव्हती.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, उघडतील की. दिल्लीला फोन करायला असा किती वेळ लागतो.

वरात दारात आली. ओवाळणी झाली. भटजींनी एकदा घड्याळ पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं नाही, ही त्यांची सभ्यता. नवऱ्याकडची मंडळी चांगली होती, पण मुहूर्त त्यांचाही होता. सूर्य टॉवरच्या मागं गेला, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळ लवकरच झाली. काका दोनदा नाक्यावर जाऊन आला. शेवटी भटजींनी हळू आवाजात विचारलं, कन्यादानाला कोण बसणार? जोडपं लागतं. आई पुढं झाली. तिनं साडी नीट केली, पदर डोक्यावरून घेतला. भटजी म्हणाले, वहिनी, एकटीला नाही बसता येणार. ते हे अगदी मऊपणानं म्हणाले. आई तिथंच थांबली. तिचा नवरा होता, ती सवाष्ण होती, मुलगी तिच्या पोटची होती, आणि पाटावर बसायचा हक्क तिच्याजवळ नव्हता. काका आणि काकू बसले. आई मागं उभ्या बायकांत जाऊन उभी राहिली. गर्दीत वाट करून कुणी तिला पुढं घेतलं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे अक्षता घेऊन पाटाकडे बघत होते.

पुढं किती पुस्तकांत मी वरच्या सभागृहाचं महत्त्व वाचलं. घाईनं घेतलेल्या निर्णयावर थांबून पुन्हा विचार करता यावा म्हणून ते असतं, असं लिहिलेलं असतं. मी ते वाचतो तेव्हा मला तो अंतरपाट दिसतो. त्या संध्याकाळी थांबायला कुणाला सवड नव्हती. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या.

ताई निघताना रडली नाही. सगळ्यांच्या गळ्यात पडली, आत्याच्या जास्त वेळ. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. मला काहीतरी बोलायचं होतं. बाबांना सोडलं नसेल गं, त्यांच्या हातात काय आहे, असलं काहीतरी. तिनं मला बोलू दिलं नाही. गाडीचं दार धरून म्हणाली:

‘तूच सांगितलंस ना हळदीला. एक नंबर कुणाला द्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. दिला बाबांनी. सगळ्यांना दाखवून दिला.’

गाडी बदलापूरकडे गेली.

लग्न लागेपर्यंत कन्यादान करणाऱ्यांनी काही खायचं नसतं, आईबापांनी तर नाहीच. अक्षता पडल्यावर काका-काकूंना पंगतीत बसवलं. आई सकाळपासून उपाशी होती. आत्यानं तिला हाताला धरून बसवलं आणि पहिला घास स्वतः भरवला. आई तो बराच वेळ तोंडात घोळवत राहिली. मग कुणाकडे न बघता तिनं विचारलं, त्यांनी काय खाल्लं असंल का? काका दमला होता, चिडलाही होता. म्हणाला, वैनी, तो मोठ्या हॉटेलात हाय, दहा तऱ्हेचं जेवण हाय समोर. तू जेव. आई जेवली.

सकाळी उठलो तर टीव्हीवर निकाल लागून गेलेला होता. कुणी गुलाल उधळत होतं, कुणी फेरमोजणी मागत होतं. आम्ही मांडव सोडवत होतो. बांबू उतरवताना वाळलेली आंब्याची पानं डोक्यावर पडायची. बाबांचा फोन लागत नव्हता. बंदच येत होता. मांडववाल्यानं त्यांचा शर्ट खुंटीवरून काढून माझ्याकडे दिला आणि विचारलं, हा कुणाचा राहिला?

दुपारी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं ट्रकांचे आवाज, कुणीतरी भांडी आपटत होतं. बाबा होते. फोनची पिशवी दुसऱ्याच बसमध्ये गेली होती. साहेबांना निकालानंतर तडक त्यांच्या तालुक्याला जायचं होतं, रस्ताभर ते मागं झोपलेले. आता ढाब्यावर थांबले होते, मालकाचा मोबाइल मागून घेतला, आणि माझा नंबर तेवढा पाठ होता. आवाज इतका बारीक होता की मी अंगणाच्या टोकाला गेलो. बाबा म्हणाले, पोरा, मना यायला उद्या होईल. तुमी मुहूर्त पुढं ढकलला ना? उद्याचा कनचा धरलाय?

ते म्हणाले, हॅलो, हॅलो.

‘बाबा, लगीन लागलं. काल संध्याकाळीच. काका-काकू बसले.’

पलीकडे ट्रकाचा हॉर्न वाजत राहिला. वाटलं, फोन तुटला.

‘लागला काय,’ बाबा म्हणाले. ‘बरा झाला.’

मग त्यांनी मोबाइल तोंडापासून थोडा लांब धरला असावा, कारण पुढचं मला नव्हतं, ढाबेवाल्याला होतं, आणि आवाजाला दोन दिवसांच्या उपाशीपणाचा कंप होता.

‘शेठ, एक थाळी लाव. आता जेवतो.’